भोसरीतील एक अपग्रेड: ओपन सोर्स ईआरपीवर चालणाऱ्या पुण्यातील सेवाकंपनीचा प्रकरण अभ्यास

ओपन सोर्स सॉफ्टवेअर कोणालाही उतरवून घेता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. तरीही त्याच्या आधारावर कंपन्या उभ्या राहतात, पगार देतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. हे कसे घडते, याचे उत्तर बहुधा लिनक्सवर उभ्या राहिलेल्या रेड हॅटसारख्या मोठ्या कंपनीच्या उदाहरणाने दिले जाते. ते उदाहरण योग्यच आहे. परंतु कारखान्यांना असे सॉफ्टवेअर बसवून आणि सांभाळून देणाऱ्या, पुण्यातील आठ माणसांच्या सेवाकंपनीकडे पाहिले, तर हा व्यवहार अधिक उघडपणे दिसतो, असे माझे मत आहे. अशा कंपनीकडे चूक पचवण्याइतके भांडवल नसते आणि चुकीच्या जागी घातलेला प्रत्येक तास महिन्याच्या शेवटी पगाराच्या वेळी समोर उभा राहतो.

या अभ्यासातील सेवाकंपनी आणि कारखाना प्रातिनिधिक आहेत. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात अशा प्रकारची कामे करणाऱ्या छोट्या कंपन्यांसमोर जे प्रश्न येतात, ते एका प्रसंगात एकत्र आणले आहेत. रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. कायद्यातील तारखा व मर्यादा आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांतील बदल मात्र प्रत्यक्षातले आहेत, कारण या प्रकरणाला वळण त्यांनीच दिले.

कारखाना आणि त्याची गरज

भोसरी एमआयडीसीतील हा कारखाना शाफ्ट आणि पिन बनवतो. उलाढाल पाच ते दहा कोटींच्या दरम्यान, नोंदणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची, गिऱ्हाईक म्हणजे वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. टर्निंग आणि ग्राइंडिंग कारखान्यातच होते. हीट ट्रीटमेंट (धातू तापवून कडक करणे) आणि प्लेटिंग (मुलामा देणे) यांसाठी माल बाहेर जातो. अशा कारखान्यात हिशेबाचा सर्वात किचकट भाग विक्री किंवा खरेदीचा नसून बाहेर गेलेल्या मालाचा असतो. सोमवारी एका चलनावर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदावर, १२० नग हीट ट्रीटमेंटला गेले, बुधवारी दुसऱ्या चलनावर ८० गेले आणि शनिवारी १५० नग एकाच टेम्पोतून परत आले, त्यातले दोन तडकलेले. हे १५० कोणत्या चलनावर जमा करायचे? स्टोअर सांभाळणारे गृहस्थ आपल्या रजिस्टरमध्ये जुने चलन आधी बंद करत: पहिल्या चलनाचे १२० पूर्ण, उरलेले ३० दुसऱ्या चलनावर, शिल्लक ५०, आणि तडकलेल्या दोन नगांपुढे लाल शाईची खूण.

ही नुसती स्टोअरची सवय नव्हती. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घेण्यासाठी, पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, अथवा जॉबवर्करच्या जागेवरूनच पुढे विकला जावा लागतो. तसे न झाल्यास तो पाठवला त्या दिवशीच विकला, असे धरून कर लागतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल, तर चलनांचा तपशील आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये दर सहा महिन्यांनी भरावा लागतो. म्हणजे चलनवार शिल्लक ठेवणे ही कायद्याची गरज आहे, आणि टॅली व एक्सेल यांच्यात ती सांभाळताना दर वेळी सीएंच्या कार्यालयात दोन-तीन दिवस मोडत असत.

मालकांनी २०२१ साली ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एका जागी सांभाळणारे सॉफ्टवेअर, घ्यायचे ठरवले, तेव्हा मोठ्या परदेशी कंपन्यांचे दर प्रत्येक वापरकर्त्यामागे होते आणि ते परवडणारे नव्हते. सेवाकंपनीने ईआरपीनेक्स्ट सुचवले. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने बनवलेले हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे; या परवान्यात बदललेला कोड कोणाला दिला, तर त्याच अटींवर स्रोतासह, म्हणजे वाचता-बदलता येणाऱ्या मूळ रूपात, द्यावा लागतो. हिशेब, साठा, खरेदी-विक्री, उत्पादन असे सगळे भाग त्यात आहेत. ते ज्या फ्रॅपे फ्रेमवर्कवर उभे आहे, ती त्याहून सैल अशा एमआयटी परवान्याखाली मिळते. फ्रॅपे स्वतः प्रामुख्याने होस्टिंग (सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देणे) आणि सपोर्ट विकते. गावोगावी कारखान्यात जाऊन सॉफ्टवेअर बसवण्याचे काम आमच्या या सेवाकंपनीसारख्या अनेक छोट्या कंपन्या करतात.

पहिली दोन वर्षे

मालकांचा पहिला प्रश्न होता, "सॉफ्टवेअर फुकट आहे ना? मग साडेतीन लाख कशाचे?" हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाकडून येतो आणि त्याचे उत्तर ज्या प्रकारे दिले जाते, त्यावर पुढचा धंदा कसा चालणार हे बरेचसे ठरते. सेवाकंपनीने तेव्हा सोपे उत्तर निवडले: तुम्हाला हवे तसे बदल करून देण्याचे पैसे. मालक खूश झाले, आणि त्या वाक्यातूनच पुढची अडचण जन्माला आली.

ईआरपीनेक्स्टच्या तेराव्या आवृत्तीत बाहेरून काम करून घेण्याची सोय होती. खरेदीच्या ऑर्डरवर कच्चा माल आपण पुरवणार अशी खूण करायची, मग स्टॉक एन्ट्री करून माल पुरवठादाराच्या नावाच्या गोदामात टाकायचा, आणि तयार माल आला की पावतीवर कच्चा माल खर्ची पडायचा. जुने चलन आधी बंद करण्याची स्टोअरची पद्धत मात्र त्यात बसत नव्हती. सेवाकंपनीच्या प्रोग्रामरने स्टॉक एन्ट्री आणि खरेदीच्या पावतीच्या मूळ फाइलींमध्येच बदल केला. दोन दिवसांत काम झाले. त्यानंतर मालकांच्या आग्रहाखातर आणखी एक बदल झाला: ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा पक्के केलेले बिल सरळ दुरुस्त करता येत नाही, ते रद्द करून सुधारित बिल काढावे लागते; ते बंधन काढून टाकले गेले. मग प्रिंटचे नमुने, गेटपासचा क्रमांक, गिऱ्हाइकाच्या शेड्यूलचा रकाना, असे करत करत मूळ सॉफ्टवेअरच्या तिसेक फाइलींमध्ये हात घातला गेला.

फ्रॅपे फ्रेमवर्कमध्ये मूळ फाइलींना न शिवता बदल करण्याची चांगली सोय आहे. जादा रकाने टाकता येतात, छोट्या स्क्रिप्ट लिहिता येतात, आणि मोठे काम असेल तर वेगळे ॲप लिहून ते मूळ सॉफ्टवेअरशी हुकांद्वारे जोडता येते. हे सेवाकंपनीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही मूळ फाइल उघडून चार ओळी बदलणे हा त्या दिवसापुरता सर्वात जवळचा रस्ता असतो, आणि गिऱ्हाईक समोर बसलेले असताना तो नाकारायला अनुभवाइतकेच धैर्यही लागते.

शिवाय कंपनीच्या दोघा संस्थापकांच्या मनात एक व्यापारी विचारही होता, आणि त्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. मूळ सॉफ्टवेअर सर्वांना खुले आहे, तेव्हा आपले वेगळेपण आपण लिहिलेल्या कोडमध्येच आहे. तो आपल्याकडे राहिला पाहिजे. जितका जास्त बदल केलेला असेल, तितके गिऱ्हाईक आपल्याशी बांधलेले राहील. हा विचार वरवर पाहता पटण्यासारखा आहे. मालकीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या याच तर्कावर चालतात. ईआरपीच बनवणाऱ्या ओडू या कंपनीने २०१५ साली आपल्या सॉफ्टवेअरचे नवव्या आवृत्तीपासून कम्युनिटी आणि एंटरप्राइझ असे दोन भाग केले व काही महत्त्वाचे घटक फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवले. ते प्रारूप आजही चालते. परंतु ओडू ही मूळ सॉफ्टवेअरची निर्माती कंपनी आहे. पुढची आवृत्ती कशी असेल हे तीच ठरवते. पुण्यातील सेवाकंपनीच्या हातात ते नव्हते. आपण लपवून ठेवलेला कोड दुसऱ्याच्या हलत्या पायावर उभा आहे, ही गोष्ट त्यांच्या तर्कात धरलेली नव्हती.

तीन बाजूंनी आलेला दबाव

ऑगस्ट २०२२ मध्ये ईआरपीनेक्स्टची चौदावी आवृत्ती आली. तीत बाहेरून काम करून घेण्याची रचना मुळापासून बदलली. सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग पावती अशी दोन स्वतंत्र कागदपत्रे आली, आणि खरेदीच्या ऑर्डरमध्ये फक्त सेवेचा, म्हणजे मजुरीचा, भाग उरला. भारतातील जीएसटीचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या ओपन सोर्स ॲपमध्ये गेला. मनुष्यबळ आणि पगाराचा भागही वेगळा झाला. सेवाकंपनीने ज्या फाइलींमध्ये बदल केले होते, त्यांतल्या बऱ्याच फाइलींचे रूप आता ओळखू न येण्याइतके बदलले होते.

दुसरा दबाव कंपनी कायद्याचा. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीने वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक व्यवहारात कोणता बदल केव्हा झाला याची नोंद, असणे बंधनकारक झाले, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये अशी अट आली. पक्के बिल सरळ दुरुस्त करण्याची मालकांनी मागून घेतलेली सोय या नियमाशी थेट विसंगत होती. लेखापरीक्षकांनी ती पहिल्याच भेटीत दाखवून दिली.

तिसऱ्या दबावाने मुदतच ठरवून टाकली. ई-इनव्हॉइसची सक्ती सरकारने पायरीपायरीने खाली आणली होती: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला, जानेवारी २०२१ मध्ये १०० कोटी, एप्रिल २०२१ मध्ये ५० कोटी, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटी. १० मे २०२३ च्या अधिसूचनेने ही मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आणली, आणि हा कारखाना तिच्या कक्षेत आला. ई-इनव्हॉइस लागू झाल्यावर बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन हा ६४ अक्षरांचा बिलाचा ओळख क्रमांक आणि डिजिटल सही असलेला क्यूआर कोड घ्यावा लागतो. त्याशिवायचे बिल नियमाप्रमाणे बिलच मानले जात नाही. बिल धरले नाही की गिऱ्हाइकाला कराचे क्रेडिट मिळत नाही, आणि मोठ्या कंपन्या असा माल गेटच्या आत घेत नाहीत.

मूळ फाइलींना हात लावल्यामुळे कारखान्याच्या प्रतीत दुरुस्त्या घेणे केव्हाच थांबले होते. प्रत्येक नव्या दुरुस्तीचा आपल्या बदलांशी झगडा होत असे. ई-इनव्हॉइससाठी बदलत राहणाऱ्या सरकारी नियमांबरोबर चालणारे सॉफ्टवेअर हवे होते, आणि कारखान्याचे सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वीच्या एका ठिकाणी गोठलेले होते. सेवाकंपनीकडे अशी एकूण वीस गिऱ्हाइके होती. पाच ते दहा कोटींच्या टप्प्यातली सगळी एकाच दिवशी कायद्याच्या कक्षेत येत होती.

हिशेब

इथे थोडा वेळ आकड्यांपाशी थांबणे आवश्यक आहे. सेवाकंपनीचा एका माणसावरचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आणि महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर एका दिवसाच्या कामाचा खर्च २,४०० रुपये होतो. सॉफ्टवेअर बसवण्याच्या कामाला दोन माणसे तीन महिने लागली, तर खर्च ३,६०,००० रुपये. घेतलेली रक्कम ३,५०,०००. म्हणजे पहिल्या कामात काही उरतच नव्हते, आणि कंपनीचे सगळे लक्ष मात्र अशी पहिली कामे मिळवण्यावर होते.

त्यानंतरची वार्षिक देखभाल, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, ती मूळ रकमेच्या अठरा टक्के, म्हणजे ६३,००० रुपये. वर्षभर फोन, शंका, छोट्या दुरुस्त्या यांवर एका गिऱ्हाइकामागे दहा दिवस जातात असे धरले, तर २४,००० रुपये. मोठ्या आवृत्तीवर नेण्यासाठी, प्रत्येकाचे बदल वेगळे असल्यामुळे, प्रत्येकी तीस दिवस, म्हणजे ७२,००० रुपये. एकूण ९६,००० खर्च आणि ६३,००० जमा: अपग्रेडच्या वर्षात एका गिऱ्हाइकामागे ३३,००० रुपयांचा तोटा, आणि वीस गिऱ्हाइकांचे मिळून सहा लाख साठ हजार. पैशांहूनही मोठी अडचण दिवसांची होती: वीस जणांचे तीस-तीस दिवस म्हणजे सहाशे दिवस, आठही माणसांनी बाकी सारे सोडून फक्त हेच केले, तरी तीन महिने पुरते संपणार होते, आणि मुदत त्याहून कमी होती.

हे गणित एकदा कागदावर मांडल्यावर, ज्या कोडला संस्थापक आपली मालमत्ता समजत होते, तो ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला, देण्यांमध्ये मांडायचा होता हे उघड झाले. गिऱ्हाईक बांधले गेले होते यात शंका नाही. परंतु कंपनीही त्याच दोरीने बांधली गेली होती.

रेड हॅटचे उदाहरण या ठिकाणी कामाला येते. मगरपट्ट्यातील तिच्या कार्यालयामुळे पुण्यातील अनेक अभियंते ते जवळून ओळखतात. रेड हॅट २००२ पासून एंटरप्राइझ लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या लिनक्स या खुल्या प्रणालीच्या आपल्या आवृत्तीची, वर्गणी विकते. कोड खुला असतो. वर्गणीत मिळते ती तपासलेली व दीर्घकाळ सांभाळलेली आवृत्ती, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि अडचण आल्यास उत्तर देणारे माणूस. आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलरना ती कंपनी विकत घेतली. त्या धंद्याच्या मुळाशी एक तांत्रिक शिस्त आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते: आपण केलेली दुरुस्ती शक्यतो मूळ प्रकल्पात परत द्यायची, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा करावी लागत नाही. बाहेरून हा उदारपणा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण त्यामुळेच हजारो गिऱ्हाइकांना दहा-दहा वर्षे सांभाळण्याचा खर्च आवाक्यात राहतो. पुढे २०२३ मध्ये एंटरप्राइझ लिनक्सचा स्रोत सार्वजनिक रीतीने फक्त सेंटओएस स्ट्रीम या तिच्या पुढच्या बदलांच्या खुल्या आवृत्तीमधूनच देण्याचा निर्णय रेड हॅटने घेतला आणि त्यावर तीव्र वाद झाला. माझ्या मते त्या निर्णयाने विश्वासाचे नुकसान झाले. तरीही बदल मूळ प्रकल्पात परत देण्याची तिची शिस्त छोट्या कंपनीनेही जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

निर्णय आणि अंमलबजावणी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सेवाकंपनीने नवी कामे घेणे थांबवले. कारखान्याची प्रत आणि मूळ तेरावी आवृत्ती गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात शेजारी ठेवून प्रत्येक बदललेली ओळ काढली गेली, आणि प्रत्येक बदलापुढे तो का केला होता हे लिहायला सांगितले गेले. काही बदलांचे कारण कोणालाच सांगता येईना. ते सरळ टाकून दिले, आणि त्यांच्यावाचून कोणाचेही अडले नाही. प्रिंटचे नमुने, गेटपास, शेड्यूलचा रकाना ही कामे जादा रकाने आणि छोट्या स्क्रिप्टमध्ये गेली. पक्के बिल दुरुस्त करण्याची सोय काढून टाकली गेली. त्यासाठी मालकांशी दोनदा बोलावे लागले. शेवटी त्यांच्याच सीएंनी त्यांना सांगितले, की ही सोय ठेवली तर लेखापरीक्षण अहवालात तसा शेरा येईल.

जॉबवर्कचा भाग सर्वात कठीण होता. चौदाव्या आवृत्तीतल्या नव्या रचनेने त्यातला बराचसा प्रश्न आपोआप सोडवला होता. सेवाकंपनीने दोन वर्षे पोसलेल्या कोडपैकी मोठा हिस्सा आता अनावश्यक होता. उरली ती जुने चलन आधी बंद करण्याची पद्धत आणि तडकलेल्या नगांची नोंद. ती वेगळ्या ॲपमध्ये लिहिली गेली. लिहिण्यापूर्वी प्रोग्रामर स्टोअरमध्ये एक पूर्ण पाळी बसला. तडकलेले दोन नग हीट ट्रीटमेंटवाल्याच्या खात्यावर टाकायचे की आपल्या, हे चीर कुठून सुरू झाली आहे ते पाहून ठरते आणि तो निकाल कधी कधी आठवड्याने लागतो, हे त्याला तिथे कळले. तोवर ते नग कोणाच्याच खात्यावर न टाकता वादातील माल म्हणून वेगळ्या गोदामात ठेवायचे, ही रचना स्टोअरच्या त्या गृहस्थांनी सुचवली, आणि ती ॲपमध्ये तशीच आली.

मग मूळ प्रश्न उरला: हे ॲप कोणाचे? संस्थापकांपैकी एकाचे मत होते की निदान हे तरी आपल्याकडे ठेवावे. चर्चेत दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली परवान्याची. कारखान्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवून दिलेला ईआरपीनेक्स्टचा बदललेला कोड जीपीएलखाली दिलेला असतो. त्याचा स्रोत कारखान्याला द्यावाच लागतो, आणि कारखाना तो दुसऱ्या सेवाकंपनीकडे नेऊ शकतो. त्यापासून तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या लिहिलेल्या ॲपबद्दल वकिलांमध्ये वाद होऊ शकतो. परंतु गिऱ्हाइकाशी असा वाद घालून धंदा चालत नाही. मालकांनी ही गोष्ट त्यांच्या पद्धतीने आधीच मांडली होती: "पैसे मी दिलेत, सर्व्हर माझा आहे. उद्या तुमचं माझं पटलं नाही, तर मी काय परत रजिस्टर उघडायचं का?" दुसरी गोष्ट देखभालीची. ॲप एकाच ठिकाणी, सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच ठेवायचे असेल, तर प्रत्येकाला वेगळी प्रत देण्याचा मोह कायमचा बंद करावा लागेल, आणि ते खुले करणे हा तो मोह बंद करण्याचा सर्वात खात्रीचा उपाय होता.

ॲप जीपीएलखाली खुले झाले. काम करताना मूळ ईआरपीनेक्स्टमध्ये सापडलेला एक दोष दुरुस्त करून तो बदल फ्रॅपेकडे पाठवला गेला. परीक्षण करणाऱ्याने चाचण्या मागितल्या, त्या लिहिण्यात दोन दिवस गेले, बदल स्वीकारला जायला काही आठवडे लागले. हा वेळ कोणत्याही गिऱ्हाइकाच्या बिलावर टाकता येत नाही, आणि छोट्या कंपनीला तो जड जातो. पण त्या दोषाची काळजी त्यानंतर पुण्यात कोणाला करावी लागली नाही.

प्रत्यक्ष अपग्रेडसाठी भोसरीची साप्ताहिक सुटी कामी आली. औद्योगिक वसाहतीत गुरुवारी कारखाने बंद असतात. जुलैमधला तिसरा गुरुवार ठरवला गेला आणि चौथा राखीव ठेवला. त्याआधी कारखान्याच्या माहितीच्या प्रतीवर दोनदा तालीम झाली. पहिल्या तालमीत उघड्या चलनांची शिल्लक जुळली नाही, कारण जुन्या खरेदी-ऑर्डरवर बाहेर गेलेला माल नव्या रचनेत आपोआप येत नव्हता. उपाय साधा पण कष्टाचा निघाला: शक्य ती सर्व चलने अपग्रेडपूर्वी बंद करायची, आणि उरलेली हाताने नव्या रचनेत उघडायची. स्टोअरने जॉबवर्करना फोन करून आठवडाभरात बराच माल परत मागवला. बुधवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर बॅकअप घेतला, गुरुवारी दुपारपर्यंत सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेले, आणि संध्याकाळी स्टोअरमध्ये बसून उघड्या चलनांची यादी एकेक नग मोजून जुळवली. चाचणीच्या पोर्टलवर ई-इनव्हॉइसची बिले काढून पाहण्यासाठी पुढचे दहा दिवस मिळाले. १ ऑगस्टला पहिले बिल क्यूआर कोडसह निघाले तेव्हा राखीव गुरुवार वापरावा लागलेला नव्हता.

बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी सगळ्यांना मुदतीत नेता आले नाही. काहींना पहिले काही आठवडे पोर्टलवर हाताने बिले भरावी लागली. एका गिऱ्हाइकाने नाराज होऊन काम एकट्याने काम करणाऱ्या स्वस्त प्रोग्रामरकडे दिले, आणि खुले केलेले ॲपही अर्थातच त्याच्याबरोबर गेले. सेवाकंपनीने माहिती, बॅकअप आणि पासवर्ड ठरलेल्या दिवशी सुपूर्द केले.

नवा करार

त्यानंतरच्या करारात धंद्याची मांडणीच बदलली. बसवण्याच्या रकमेची टक्केवारी म्हणून एएमसी ठरवणे बंद झाले आणि वार्षिक वर्गणी ९०,००० रुपये ठरली. तीत कायद्यातील बदल, वर्षातून एक मोठी आवृत्ती, बॅकअप परत उतरवून पाहण्याची सहामाही तालीम आणि फोनवरील मदत येते. नवे काम तासांच्या हिशेबाने वेगळे. एका गिऱ्हाइकाच्या अपग्रेडला आता चार दिवस, म्हणजे ९,६०० रुपये लागतात. सामाईक ॲपच्या देखभालीला वर्षात शंभर दिवस आणि गिऱ्हाइके पूर्वीइतकीच वीस धरली, तर वीस जणांत वाटून प्रत्येकी १२,०००. फोनचे २४,००० पूर्वीसारखेच. एकूण खर्च ४५,६००, शिल्लक ४४,४००, आणि वीस गिऱ्हाइकांचे मिळून आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार. कंपनीला श्वास घेता येईल असा हा पहिला आकडा होता.

मालकांनी ९०,००० ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना पटले ते दोन कलमांमुळे. एका कलमाने सेवाकंपनीला मूळ फाइलींत बदल करण्यास मनाई केली, अगदी गिऱ्हाइकाने मागणी केली तरीही. दुसऱ्याने बाहेर पडण्याची रीत लिहून दिली: तीस दिवसांची सूचना, पूर्ण बॅकअप, सर्व कोड, आणि नव्या सेवाकंपनीसोबत दोन दिवस बसून हस्तांतर, यासाठी वेगळे पैसे नाहीत. हे कलम गिऱ्हाइकाला आपल्या दारातून बाहेर जाण्याचा रस्ता आखून देते, म्हणून संस्थापकांपैकी एकाचा त्याला अखेरपर्यंत विरोध होता. मला ते कलम संपूर्ण कराराचा कणा वाटते. सॉफ्टवेअर खुले असल्याचा खरा लाभ गिऱ्हाइकाला तेव्हाच मिळतो, जेव्हा सोडून जाणे त्याला प्रत्यक्षात शक्य असते. आणि तसे ते शक्य असतानाही गिऱ्हाईक दरवर्षी वर्गणी भरते, तेव्हा ते पैसे कशाबद्दल आहेत याविषयी दोन्ही बाजूंना शंका उरत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सेवाकंपनीचे ॲप आता इतर शहरांतील सेवाकंपन्याही वापरतात. त्यांच्याकडून दोष कळवले जातात, क्वचित दुरुस्तीही येते, परंतु शंभर दिवसांच्या देखभालीचा खर्च पुण्यातील कारखानेच उचलतात. ॲप वापरणाऱ्या सेवाकंपन्यांकडून वार्षिक वर्गणी घेऊन त्यांना दुरुस्त्यांची हमी द्यावी, असा प्रस्ताव सध्या संस्थापकांपुढे आहे. तसे केल्यास दर तिमाहीला ठरलेल्या तारखेस तपासलेली आवृत्ती देण्याचे बंधन स्वतःवर घ्यावे लागेल, आणि त्यासाठी नववा माणूस नेमायचा की नाही, याचा निर्णय या वर्षीच्या वर्गण्या जमा झाल्यावर व्हायचा आहे.